वरच्या काकांचा मिद्राश

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतकं बारकाईने वाचणारा माणूस पंजाब आणि हरियाणा मिळून दुसरा नसेल. चंडीगड दोन्ही राज्यांची राजधानी आहे, म्हणून मी दोन्हींच्या वतीने बोलते. वाचायला त्यांना काहीही चालायचं. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, लिफ्टमधली सूचना, दुधाच्या पिशवीवरची मुंगीएवढी अक्षरं, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची सुप्रभातं. आपण जे लिहिलंय ते वाचतो आणि सोडून देतो. काका ते वाचून झालं की चष्मा कपाळावर सरकवायचे आणि जे लिहिलेलं नाही ते वाचायला घ्यायचे. न लिहिलेलं वाचायला चष्मा कशाला लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

या उद्योगाला त्यांच्याकडे एक शब्द होता, मिद्राश. तो काय प्रकार असतो हे कळायच्या आधी तो माझ्यावर होऊन गेला, तेव्हा तिथूनच सांगते. काका बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी यहुदी. मूळचे अलिबागकडचे. आजोबांपर्यंत घरात तेलाचा घाणा होता, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. नोकरीच्या निमित्ताने काका इकडे आले आणि सेक्टर ४९ मधल्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर स्थिरावले. मी आणि माझा नवरा सांगलीचे, मोहालीत सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या करणारे, त्यांच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये भाड्याने आलो. पहिल्याच उन्हाळ्यात मी हौसेने बाल्कनीत कुरडया घातल्या. चंडीगडचं ऊन कुरडयांसाठीच केलेलं आहे. पण दुसऱ्या दिवशी बघते तर वरून कुंड्यांचं मातीमिश्रित पाणी ठिबकून कुरडयांचा पार चिखल झालेला. माझं डोकं फिरलं. जिन्यात भांडणाची हिंदी वाक्यं जुळवत मी वर गेले, दार उघडलं तशी "अंकल जी, आपके गमलों का पानी" इथून सुरुवात केली आणि बोलता बोलता आत शिरून समोरच्या रिकाम्या खुर्चीत धपकन बसले. बाकीच्या खुर्च्यांवर वर्तमानपत्रं होती, त्याला मी काय करणार?

काकांचा चेहरा पांढरा पडला. तोंड उघडलं, मिटलं. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "सांगलीच्या का गो तुम्ही?" माझी हिंदी ऐकून माझा जिल्हा कोणीही सांगू शकतं, त्यामुळे त्याचं मला नवल वाटलं नाही. नवल पुढे होतं. ती उंच पाठीची वेताची खुर्ची म्हणे एलियाहूची होती. एलियाहू हन्नबी हा त्यांचा संदेष्टा. तो मेलाच नाही, जिवंतपणी रथातून वर गेला, आणि वेश पालटून अजून येत-जात असतो. त्यांच्यात त्याची खुर्ची मांडतात ती घरात मुलगा झाला की सुंतेच्या वेळी. पण काकी होत्या तेव्हा त्यांनी ती जेवणाच्या टेबलाशी रोजचीच करून टाकली होती, येईल तेव्हा उभा राहायला नको म्हणून. काकी गेल्या, खुर्ची राहिली, आणि तिच्यावर कोणी म्हणजे कोणी बसलेलं नव्हतं. हे ऐकून मी ताडकन उठले. काका म्हणाले, "बस बस. पोथीत कुठे लिहिलंय की एलियाहू कुरडयांची तक्रार घेऊन येणार नाही?" मी म्हटलं, कुठेच लिहिलेलं नसेल. "मग येऊ शकतो," असं म्हणून ते चहा टाकायला गेले. त्या दिवसापासून ती माझी जागा ठरली, आणि भांडण जे राहिलं ते राहिलंच.

शब्दाचा अर्थ मला पुढे कधीतरी एका शुक्रवारी, शब्बाथच्या म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या मेणबत्त्या लावायच्या आधी, त्यांनी समजावून सांगितला. मुळात म्हणे त्याचा अर्थ शोधणं, चौकशी करणं. "मिद्राश म्हणजे पोथीची विचारपूस," काका म्हणाले, "आजारी माणसाची करतो ना, तशी. जवळ बसायचं, आणि काय दुखतंय ते तो सांगत नसेल तर हळूच विचारायचं." मी म्हटलं, म्हणजे कीर्तनातलं निरूपण. त्यांच्या आजोबांच्या काळी त्यांच्या लोकांत मराठी कीर्तनं होत, पेटी-झांजांसकट, त्यामुळे निरूपण त्यांना परकं नव्हतं. पण ते म्हणाले, "निरूपणात बुवा सांगतो. मिद्राशात बुवा विचारतो." मग उदाहरण म्हणून त्यांच्या पोथीतला, नोहाच्या जहाजाचा जलप्रलय काढला. जहाजावर इतकी माणसं, इतकी जनावरं, आणि नोहाच्या बायकोचं पोथीत नावसुद्धा नाही. स्वयंपाक कोणी केला याबद्दल एक अक्षर नाही. पोथी विसरली का? पोथी विसरत नसते. ती गप्प बसते तिथे आपल्यासाठी काहीतरी ठेवलेलं असतं. जुन्या पंडितांनी तिला नाव दिलं, गोष्टी दिल्या. काकांचा स्वतःचा मिद्राश असा, की नावं टिपणारा आला तेव्हा ती हत्तीला वाढत होती, "नंतर ये" म्हणाली, आणि तो नंतर आलाच नाही.

पण त्याला एक नियम होता, आणि तो मोडलेला त्यांना खपायचा नाही. आधी सरळ अर्थ. त्याला ते पशात म्हणत. मजकूर सरळपणे काय म्हणतो ते आधी ऐकून घ्यायचं, मग पुढचं. "पशात सोडून जो मिद्राश करतो," काका म्हणायचे, "तो पोथी वाचत नाही, आरशात बघतो." ही दोन्ही हत्यारं आमच्या घरात इतकी रुळली की मी रागाने "काही नाही" म्हटलं की माझा नवरा सावधपणे विचारायचा, "हे पशात, की याचा मिद्राश करायचा?"

गंमत अशी की या माणसाची सगळी हयात नेमकं उलटं करण्यात गेली होती. डेराबस्सीला औषधांच्या एका कारखान्यात ते निवृत्तीपर्यंत गुणवत्ता तपासायचे. त्या धंद्याचा पहिला नियमच असा, की जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही. भट्टीचं तापमान बघितलं पण लिहिलं नाही? मग बघितलंच नाही. हात धुतले पण सही नाही? मग हात घाणेरडे. मोहालीच्या सेक्टर ६७ मधल्या औषधशास्त्राच्या संस्थेतून नवी पोरं कामाला आली की काका त्यांना पहिल्या दिवशी हे वाक्य घोकायला लावायचे, आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले की जिना चढेपर्यंत उलटे व्हायचे. वर गेलं की जे लिहिलेलं नाही तेच खरं घडलेलं. दिवसा इतकं सरळ चालायचं म्हणून संध्याकाळी फिरायला जागा लागते, असं ते म्हणत. मी पडले सॉफ्टवेअर तपासणारी. गिऱ्हाइकाने काही लिहायचं गाळलं की आमच्याकडे ती चूक धरतात आणि त्यावरून बोंबाबोंब होते. गाळलेल्या जागेला दार समजून आत जाणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

सुरुवातीला सोसायटीने त्यांना चक्रम ठरवलं होतं. मग एकदा सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं, "कल सुबह पानी नहीं आएगा." सगळ्यांनी अंगठ्यांची चित्रं टाकली. काकांनी लिहिलं, "शाम के बारे में नोटिस चुप है. क्यों चुप है जी?" लोक हसले. काकांनी मात्र बादल्या, पातेली, प्रेशर कुकर, सगळं भरून ठेवलं आणि मलाही भरायला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं नाही, संध्याकाळीही आलं नाही, आणि रात्रीच्या भांड्यांसाठी सेक्रेटरींची बायको स्वतः बादली घेऊन काकांच्या दारात उभी. तेव्हापासून लोक विचारून जायला लागले. पण काकांचं खरं प्रेम शहराच्या नकाशावर होतं. चंडीगडात सेक्टरांचे आकडे ओळीने लावलेले, त्यात तेरा नंबर मूळ आखणीत ठेवलाच नव्हता. बाकी लोक म्हणायचे, अशुभ आकडा, सोडून दिला. काकांना हे पटत नसे. इतकं सरळ आखलेलं गाव, रस्त्याला वळण म्हणून नाही, त्यात एक जागा मुद्दाम सोडतात म्हणजे ती कोणासाठी तरी सोडतात. त्यांच्या मते एलियाहूचा मुक्काम तिथे होता. पुढे मनीमाजऱ्याला सेक्टर १३ असं नाव दिलं तेव्हा काका आठवडाभर घुम्यासारखे बसले होते. "एवढी एक गाळलेली जागा होती गो गावात," म्हणाले, "तीही भरून टाकली."

त्यांच्या मिद्राशाचा दरारा पक्का झाला तो तळमजल्यावरच्या सरदारजींमुळे. सरदारजी रोडवेजमधून निवृत्त झालेले, एकुलता एक मुलगा कॅनडात. मुलगा महिन्याकाठी एखादी ओळ पाठवणार. एकदा त्याने लिहिलं, "पापा, इथे बर्फ पडतोय." सरदारजींनी तो फोन काकांसमोर धरला आणि म्हणाले, "इसका ज़रा मिदराश कर दो जी." काकांनी आधी नियमाप्रमाणे सरळ अर्थ घेतला. बर्फ पडतोय. बरं. मग चष्मा वर. "बर्फ तिथे दरवर्षी पडतो, पापाजींना तो माहीत आहे हेही त्याला माहीत आहे. मग आजच का कळवलं? कोणाला तरी काहीतरी सांगावंसं वाटलं आणि सांगण्यासारखं बर्फाशिवाय काही सापडलं नाही. फोन लावा." सरदारजींनी लावला. मुलाची नोकरी सुटली होती. तो तासभर बोलला, आणि सरदारजी नुसते "हां पुत्तर, हां पुत्तर" करत डोळे पुसत होते. काकांचं मोठेपण मला तेव्हा कळलं. दोन शब्दांच्या मधल्या जागेत ते अक्कल पाजळायला जात नसत. लिहिणारा तिथे कुठे बसलाय ते शोधायला जात.

आणि याच माणसाने स्वतःच्या मुलीचा निरोप वाचताना माती खाल्ली.

मुलगी ठाण्याला, नवऱ्याबरोबर. बाप-लेकीचं चांगलं होतं, पण दोघंही मितभाषी, फोनवर "गोळी घेतली?" "घेतली" याच्या पुढे गाडी जायची नाही. त्या हिवाळ्यात काका स्टुलावर चढून पंखा पुसताना पडले होते आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं होतं. मुलीला कळू द्यायचं नाही असं त्यांनी सगळ्यांना बजावलं, आणि सरदारजींनी त्याच संध्याकाळी तिला फोन करून सांगितलं. त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडाशी तिचा निरोप आला: "पप्पा, पुढच्या रविवारी येते. एक बोलायचं आहे."

काका सकाळी चहाच्या वेळेलाच खाली हजर. चष्मा जो कपाळावर गेला तो उतरेचना. एकटी येते आहे, म्हणजे जावई तिकडे माझी खोली रंगवून घेत असणार. फोनवर सांगत नाही, म्हणजे मी नाही म्हणेन याची तिला खात्री आहे. रविवार निवडला, म्हणजे सोमवारी फ्लॅट विकायला दलाल. मला घेऊन जायला येते गो ती, याचा दुसरा अर्थच होत नाही. मी म्हटलं, "काका, पशात काय आहे? रविवारी येते, काहीतरी सांगायचंय. संपलं." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी सुप्रभातवाल्यांपैकी आहे. "तू सॉफ्टवेअर तपास," म्हणाले.

मी त्यांना विचारलं, ठाण्याला जायचं इतकं वाईट का वाटतं? तिथे त्यांचे लोक आहेत, प्रार्थनेला सिनेगॉग आहे, सण एकट्याने करावे लागणार नाहीत. काकांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "तिथे माझ्यासारखे ढीगभर. तिथे मला कोण विचारणार? इथे मी एकटा आहे म्हणून सगळे विचारतात." आणि मग, "कुंड्या हिच्या आहेत ना." हिच्या म्हणजे काकींच्या. काकींना इथल्या गुलाबांचं वेड होतं, बाल्कनीतली सगळी कलमं त्यांनी लावलेली. त्या कुंड्या आगगाडीतून ठाण्याला कशा न्यायच्या, न्यायच्या म्हटलं तरी तिथल्या दमट हवेत त्या जगतील का, हे त्यांनी मनातल्या मनात केव्हाच तपासून नापास करून टाकलं होतं. आणि मी सरळच सांगते, मलाही ते जायला नको होते. परक्या गावात संध्याकाळी दार वाजवल्यावर "ये गो" म्हणणारं एक घर असणं ही काय चीज असते, ते घर सोडून लांब राहणाऱ्यालाच कळतं.

मग तयारीला लागलो. स्टूल माझ्या घरी लपवलं. गोळ्यांच्या डबीत चुकवलेल्या गोळ्या होत्या, त्या हलवून डबी दिवसाबरहुकूम लावली. फ्रिजमध्ये पालेभाज्या आणून ठेवल्या, ज्या काका एरवी शिवतही नसत. सरदारजींना शपथ घातली की या वेळी तरी तोंड बंद ठेवा. आणि या सगळ्यावर कळस म्हणून काकांनी मलिदा करायचं ठरवलं. मलिदा म्हणजे त्यांच्यातला एलियाहूचा नवस. नवस पुरा झाला, संकट टळलं, चांगलं काही घडलं, की भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलदोडे, सुकामेवा यांचा ढीग ताटात रचतात, भोवती फळं, वर गुलाबाची फुलं, आणि प्रार्थना म्हणून सगळ्यांना वाटतात. मी म्हटलं, अजून चांगलं घडायचंय कुठे? काका म्हणाले, "आधीच फेडून टाकायचा. मग त्याला नाही म्हणायला संकोच वाटेल." मी विचारलं, पोथीत पोहे आहेत का? "पोथीत पोहे नाहीत. कोकणात आहेत. मधल्या जागेत आम्ही," असं म्हणत ते विळीवर नारळ खवायला बसले.

रविवारी दुपारी सेक्टर ४३ च्या बसस्थानकावर आम्ही तिला आणायला गेलो. दिल्लीहून येणारी बस लागली, सगळे उतरून गेले, आणि शेवटी ती उतरली, दांड्याला धरून, एकेक पायरी. बसच्या प्रवासाने मळमळतंय म्हणाली. काका तिचा चेहरा बघत नव्हते, तिची बॅग बघत होते. माझ्या कानाशी पुटपुटले, "मोठी बॅग. माझे कपडे भरायला." गाडीत ती काचेला डोकं टेकून होती. एकदाच म्हणाली, "पप्पा, मनगट बरं आहे ना?" काकांनी तेच मनगट लगेच गोल फिरवून दाखवलं.

संध्याकाळी मलिद्याला आम्ही मोजकीच माणसं. डोकं झाकायचं असतं, तर माझ्या नवऱ्याने रुमाल बांधला, आणि सरदारजी पगडीवर हात फिरवत म्हणाले, "अपना इंतज़ाम तो पहले से है जी." त्या दिवशी मी एलियाहूची खुर्ची रिकामी ठेवून खाली सतरंजीवर बसले, म्हटलं आज त्याची खरी पाळी. काकांनी इब्रीतून, म्हणजे हिब्रूतून, प्रार्थना म्हटली, मग मराठीतून एलियाहूचं एक जुनं पद म्हटलं. वाटण्याची वेळ आली. पण वाटायच्या आधी काका बोलायला लागले. आपण इथे किती व्यवस्थित आहोत, खालची मुलगी कशी रोज येते, सरदारजी कसे दूध आणून देतात, पालेभाज्या कशा नियमित. मग माझ्याकडे हात करून "विचार हिला," सरदारजींकडे हात करून "विचार यांना." आम्ही साक्षीदारांसारखे माना हलवत होतो.

मुलीला उभं राहवेना. ती दोन पावलं मागे आली आणि त्या वेताच्या खुर्चीत बसली. काका बोलता बोलता थांबले. "पप्पा," ती म्हणाली, "मी तुम्हाला न्यायला आले असं वाटलं का तुम्हाला?" उत्तराची वाट न बघता ती पुढे म्हणाली, "मला बाळ होणार आहे. याआधी दोनदा राहिलं आणि गेलं, तेव्हा तुम्हाला सांगितलंच नाही, आई नुकतीच गेली होती, तुम्हाला कशाला म्हणून. या वेळी मला फार भीती वाटते. घरी दिवसभर कोणी नसतं. तुम्ही येता का? बाळ होईपर्यंत तरी?" हे सांगताना तिने हुंदका दिला नाही की काही नाही, फक्त खुर्चीच्या हाताचा वेत नखाने उकरत होती, लहानपणी करत असेल तसा.

काकांचा चष्मा कपाळावर होता. त्यांनी तो खाली घेतला, नीट डोळ्यांवर बसवला, आणि पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "हो," म्हणाले. मग पोह्यांचं ताट उचलून पहिला वाटा तिच्या हातात दिला आणि वर नारळ जास्त घातला.

नंतर ती झोपली तेव्हा काका बाल्कनीत कुंड्यांपाशी उभे होते. मी गेले तशी म्हणाले, "सगळ्या मिद्राशात मीच होतो गो. माझी खोली, माझा फ्लॅट, माझे कपडे. वाक्य तिचं आणि त्यात ती कुठेच नाही. सरदारजींचं पोर मला कॅनडातून दिसलं." त्यांचा नियम त्यांना मी सांगायचा नव्हता, तो त्यांनी आपला आपण आठवला होता. मी नुसती त्यांच्या दंडाला धरून उभी राहिले. थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाले, "पण मलिदा वाया गेला नाही, हे लिहून ठेव." आणि हसले.

जून संपायच्या आत ते गेले. ज्याला जायचं नव्हतं तोच माणूस स्टेशनवर हमालाला घाई करत होता. सरदारजींनी त्यांना मिठीत उचललं आणि विचारलं, आता मुलाच्या निरोपांचं आम्ही काय करायचं? काका म्हणाले, "आधी फोन लावायचा. मिद्राश मागाहून." फ्लॅटला कुलूप लागलं, कुंड्या माझ्या बाल्कनीत उतरल्या, आणि निघायच्या आदल्या दिवशी ती वेताची खुर्चीही काका आणि माझा नवरा दोघांनी मिळून जिन्यावरून खाली आणली. मी म्हटलं, ही कशाला, तिकडे लागेल ना, मुलगा झाला तर? "तिथल्या सिनेगॉगमध्ये आहे एक, चांगली नक्षीची. इथे नाही ना दुसरी कुठे," म्हणाले, "इथे कोणीतरी ठेवायला हवी."

मुलगी झाली. म्हणजे सुंता नाही, खुर्चीही नाही. बाळ होईपर्यंत म्हणून गेलेल्या काकांनी परतीचं नाव अजून काढलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही. निरोप मोजकेच येतात. परवाचा होता, "दात आला. गुलाब कसे आहेत?" यातल्या पहिल्या वाक्याला मला काही करावं लागत नाही, त्यात ते किती सुखात आहेत हे सरळच लिहिलंय. दुसऱ्यापाशी मी थांबते. रोज ग्रुपवर फोटो टाकते त्यात गुलाब दिसतात, त्यांना ते माहीत आहे. मग विचारतात का? मी नियमाप्रमाणे आधी सरळ उत्तर देते, छान आहेत, पिवळ्याला कळ्या आल्यात. आणि मग फोन लावते.

खुर्ची जेवणाच्या टेबलाशी आहे. आमच्याकडे सगळ्या खुर्च्यांवर कायम इस्त्रीचे कपडे पडलेले असतात, त्या एकीवर मी नवऱ्याला रुमालसुद्धा टाकू देत नाही. तो कुरकुरतो, पण टाकत नाही. गेल्या आठवड्यात, आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये भटिंड्याची एक मुलगी नव्याने राहायला आली आहे, तिने बाल्कनीत पांढरा दुपट्टा वाळत घातला होता, आणि मी कुंड्यांना पाणी घालताना माझं लक्ष नव्हतं. बेल वाजली. दार उघडलं तर ती, हातात मातीचे ओघळ आलेला दुपट्टा. "दीदी, आपके गमलों का पानी," असं म्हणत ती तरातरा आत आली, इकडेतिकडे बघितलं, आणि त्या एकाच रिकाम्या खुर्चीत धपकन बसली. माझं तोंड उघडलं. मिटलं. मी माझा चष्मा कपाळावर सरकवला, तिच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, चहात साखर किती घालू?